पिटूच्या नडग्यांवरचे डाग

भंगाराच्या आवारात त्याला सगळे घण म्हणत. खरं नाव मालक फक्त हजेरी घेताना उच्चारायचा, आणि तेव्हाही नवे कामगार 'हा कोण बुवा?' म्हणून इकडेतिकडे बघायचे. मोडीत निघालेले ट्रक, टेम्पो, बसगाड्या तिथे येत आणि आठवड्याभरात त्यांचे तुकडे होत. पत्रा गॅस कटरने कापला जाई. पण गंजून एकजीव झालेला एखादा भाग काही केल्या सुटेना झाला की हाक जायची, "घणाला बोलवा रे." तो यायचा, तळहातावर थुंकायचा, आणि दोन घावांत काम उरकून निघून जायचा. बोलणं कमी. हसणं त्याहून कमी.

हा माणूस असा का झाला हे समजायचं तर त्याच्या बापापासून सुरुवात करावी लागते. बाप मालट्रक चालवायचा. घरी आला की आधी चपला काढायचा, मग कमरेचा पट्टा. बायकोने काही केलं म्हणून मारायचा, असं मुळीच नव्हे. पाणी उशिरा दिलं म्हणून मारायचा, लवकर दिलं म्हणून मारायचा, आणि काहीच सापडलं नाही तर 'तोंड वर करून बघतेस' म्हणून मारायचा. घण तेव्हा शाळेत होता. धाकट्या बहिणीला, पिटूला, घेऊन तो खाटेखाली सरपटत जायचा आणि तिचे कान दोन्ही हातांनी दाबून धरायचा. शेजारचे रेडिओ मोठा करायचे. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलंच तर आईचं उत्तर ठरलेलं: "धडपडले. नळावर पाय घसरला." त्या नळावर आईशिवाय दुसरं कुणी कधी घसरत नव्हतं, हे गल्लीतल्या लहान पोरांनासुद्धा माहीत होतं.

एके दिवशी पिटूच्या हातून पाण्याचा तांब्या कलंडला आणि पट्टा पहिल्यांदा तिच्यावर उगारला गेला. घणाला नुकतीच मिसरूड फुटत होती. दाराआड बापाच्याच ट्रकच्या जॅकचा दांडा पडला होता. त्याने तो उचलला आणि बापाच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला. बाप खाली बसला तेव्हा त्याने दुसरा घाव गुडघ्यावर घातला आणि म्हणाला, "ऊठ." बाप उठला नाही. दवाखान्यातून सुटल्यावर तो परत घरीही आला नाही. दुसऱ्या कुठल्यातरी शहरात त्याने दुसरा संसार मांडल्याचं पुढे कानावर आलं. आई रडली नाही की हसली नाही. तिने सांडलेलं पाणी पुसून घेतलं आणि पोरांना जेवायला वाढलं.

इतकी वर्षं जे रडून, पाया पडून, शेजाऱ्यांना हाका मारून सुटलं नव्हतं, ते दोन घावांत सुटलं. घणाच्या डोक्यात हे कायमचं बसलं. पुढे पिटूच्या मागे शिट्या मारणारा एक जण महिनाभर काठी टेकत चालला. आवारातल्या एका मुकादमाने आईवरून शिवी दिली, त्याची मान घणाने बसच्या दारात धरली आणि दार लोटलं. त्याच्या हातचा मार खाल्लेल्यांपैकी काही जण खरोखर त्याच लायकीचे होते, काही नव्हते. त्याने कधी तसा विचार केला नाही. लग्नाचा विषय काढला की मात्र तो उठून बाहेर जायचा. आईने फारच लावून धरलं तेव्हा एकदा म्हणाला, "या हातात बापाचंच रक्त आहे, आई. कशाला कुणाच्या पोरीचं वाटोळं करू?"

पिटूचं लग्न त्यानेच लावून दिलं. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. औषधांच्या दुकानाच्या माडीवर त्याची एक खोली होती. तिथे मेण, प्लास्टर आणि साच्यांच्या पसाऱ्यात मान खाली घालून दिवसभर कोरत बसायचा. दंतवैद्य मापं पाठवायचे, हा दात बसवून द्यायचा. कोरीव हात, हळू आवाज, जाड भिंगांचा चष्मा. मुंगीला पाय लागला तरी 'सॉरी' म्हणेल असा माणूस. घणाला तो जरा मेंगळटच वाटला, पण पिटूला आवडला होता. लग्नाच्या दिवशी त्याने मेहुण्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाला, "जावईबापू, हिच्या अंगाला बोट लागलं तर पुढची कवळी स्वतःसाठी करावी लागेल हं." मेहुणाही हसला. खांदा मात्र दोन दिवस दुखत राहिला, असं त्याने नंतर पिटूला सांगितलं.

चार-पाच वर्षं बरी गेली. पिटू बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरायच्या कामाला होती. थंडीत आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती काही आठवडे माहेरी राहायला आली. आवाराच्या मागे दोन खोल्यांचं घर. थंडीमुळे खिडक्या बंद. आई, पिटू आणि घण एकाच खोलीत झोपायचे. घणाला तेव्हा खोकला लागला होता. "गंजाची धूळ आहे, जाईल," असं तो म्हणे. खोकला काही गेला नाही, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड होती? तो अंगाने उतरला, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तेही कुणाच्या फारसं नजरेत आलं नाही. एवढं काम करणारा माणूस सुकणारच, असं आई म्हणायची.

थंडी सरली. एका सुट्टीच्या दिवशी पिटू आईला भेटायला आली ती जपून पाय टाकतच. नेहमीसारखी खाली न बसता खुर्चीवर टेकली. तोंड उतरलेलं, डोळे लालसर. आईने चहा दिला, तिच्या कपाळाला हात लावला, आणि कप घ्यायला वाकताना आईचा गुडघा तिच्या नडगीला जरासा लागला. पिटू अशी कळवळली की कप हातातून सुटला.

"काय झालं गं पायाला?"

"काही नाही. धडपडले असेन कुठेतरी."

आईचा हात जागच्या जागी थांबला. मग तिने पिटूच्या पायजम्याचा काठ वर सरकवला. दोन्ही नडग्यांवर डाग होते. एक ताजा, लालभडक, सुजलेला. दोन निळे-जांभळे. एक हिरवट-पिवळा पडत चाललेला. आईने अर्धं आयुष्य स्वतःच्या अंगावर हे रंग याच क्रमाने येताना-जाताना बघितले होते. कोणता डाग आजचा आणि कोणता गेल्या आठवड्यातला, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती.

"लाथा मारतो?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

"आई! काहीतरीच काय? कुणी नाही मारत मला."

"मीही असंच म्हणायचे," आई म्हणाली.

पिटू चिडली. तिने सांगून बघितलं: दोन आठवड्यांपासून आपोआप येतंय, अंगात कणकण असते, सांधे दुखतात. पण ती जितकं सांगत गेली तितका आईचा चेहरा घट्ट होत गेला. शेवटी पिटूला उठवेना, म्हणून ती तिथेच पडून राहिली. संध्याकाळी घण आला आणि जेवायला बसला. आईने त्याच्या ताटात वाढता वाढता एवढंच म्हटलं, "तुझ्या बहिणीचे पाय बघ. तुझा बाप मेला नाही, तिच्या घरात राहायला गेलाय."

घणाने जाऊन बघितलं. पिटू तापाच्या गुंगीत होती. पांघरुणाचा भार पायांवर सहन होत नव्हता म्हणून तिने पाय उघडे टाकले होते.  मग तो ताटावर परत न बसता बाहेर जाऊन आवारातल्या एका ट्रकला टेकला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो माडीवरच्या खोलीत शिरला. मेहुणा मेणाच्या हिरड्यांवर दात बसवत होता. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले.

"या दादा, या. बसा ना, चहा सांगतो."

घणाने दार लावलं आणि कडी घातली. "पिटूच्या पायांना काय झालंय?"

मेहुण्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मीच येणार होतो तुमच्याकडे. सांगून सांगून थकलो तिला. आज संध्याकाळी नेतोच म्हणालो होतो. त्या गाठी..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला. पहिला ठोसा ओठांवर बसला आणि पुढचे दात घशात गेले. मेहुणा फळीवर आपटला, फळी कलली, प्लास्टरचे जबडे त्याच्या अंगावर आणि जमिनीवर कोसळले. घणाने त्याला गळपट्टीला धरून उभं केलं आणि पुन्हा मारलं. "नडगीवर मारतोस? नडगीवर कसं लागतं बघायचंय?" त्याच्या पायात कामाचे बूट होते, टोकाला लोखंड असलेले. त्याने मेहुण्याच्या नडग्यांवर लाथा घातल्या, एकीवर, मग दुसरीवर, परत पहिलीवर. मेहुणा ओरडत होता, पण तोंडात रक्त आणि तुटके दात असल्यामुळे शब्द कळत नव्हते. बहुधा 'गाठी, गाठी' म्हणत असावा. त्याने उजव्या हाताने टेबलाची कड पकडून उठायचा प्रयत्न केला. घणाने तोच हात पकडला, मनगटाच्या मागे टेबलाची धार आली आणि त्याने सगळा भार टाकून दाबला, जशी आवारात एखादी सळई वाकवावी तशी.

आवाज त्याने ओळखला. बापाच्या खांद्याचा असाच आला होता. तरी तो थांबला नाही. पायाखाली जबडे चुरत होते, पांढरी भुकटी उडत होती, आणि तो मारत होता. शेवटी खोकल्याने त्याला थांबवलं. अशी उबळ आली की गुडघ्यांवर हात टेकून वाकावं लागलं. छाती फाटते की काय असं वाटलं. तो थुंकला. पांढऱ्या भुकटीवर लाल गोळा पडला. ओठ फुटला असेल, असं समजून त्याने ओठ चाचपला. ओठ धड होता. यावर विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण खालच्या औषधवाल्याने आणि आणखी तिघांनी दार तोडलं होतं.

पोलीस चौकीत दोन कानफटात बसल्या, त्याने त्या मुकाट खाल्ल्या. "बहिणीला मारत होता तो," एवढं एकच वाक्य तो सांगत राहिला. ते ऐकल्यावर हवालदाराचा आवाज बदलला. "मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि त्याने कोठडीत चहा पाठवला. "पण काय रे, मारायचं तर डोळे-बिळे फोडायचे. कवळीवाल्याचे दात पाडून काय उपयोग? तो आपले आपण बसवेल." चौकीत हशा पिकला. घण हसला नाही, पण त्याला बरं वाटत होतं. पिटूला कळलं की ती रडेल, ओरडेल, आणि आतून सुटल्यासारखी होईल, असं त्याला वाटत होतं.

पिटू आली ती भिंतीला धरून धरून. आधी दवाखान्यात जाऊन, नवऱ्याला बघून आली होती. रडत नव्हती. गजांसमोर उभी राहिली.

"त्याने मला आजवर एकदासुद्धा हात लावला नाही, दादा."

"आईपण असंच..."

"मी आई नाही!" ती अशी किंचाळली की हवालदार खुर्चीवरून उठला. तिने पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला. डाव्या नडगीवर, पिवळ्या डागाच्या वर, एक नवी गाठ आली होती. सुपारीएवढी, लाल, चकाकणारी. "ही बघ. नीट बघ. काल नव्हती. आज सकाळी उठले तेव्हा आलेली होती. काल मी कुठे झोपले होते? तुझ्या घरात. कोणी मारलं मला? आईने मारलं? का तू मारलंस?"

घण बघत राहिला. आदल्या संध्याकाळी उघडे पडलेले तेच पाय त्याने बघितले होते. त्या जागी काही नव्हतं, हे त्याला लख्ख आठवत होतं.

"तो माझे पाय उशीवर ठेवायचा रे," पिटू म्हणाली. "दवाखान्यात चल, दवाखान्यात चल म्हणून मागे लागला होता. मीच ऐकत नव्हते. रजा मिळत नव्हती." मग ती तिथेच फरशीवर बसली. हवालदाराने तिला पाणी दिलं. घण गजांच्या आत उभा होता आणि त्याला गज धरायचंसुद्धा सुचत नव्हतं.

दवाखान्यात नवऱ्याच्या खाटेशी बसलेल्या पिटूचे पाय एका परिचारिकेने बघितले आणि तिला पडद्याआड नेलं. "घाबरू नकोस. कोण मारतं तुला?" पिटूला हसू आलं. त्या दिवसातलं ते पहिलं आणि शेवटचं हसू. पण ती परिचारिका नुसती विचारून थांबली नाही. तिने डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी एकेक गाठ दोन बोटांनी अलगद दाबली. मार लागलेली जागा वरवर सुजते, हे खोल होतं आणि हाताला गरम लागत होतं. शिवाय दोन्ही पायांवर, बहुतेक नडगीवरच, जुने-नवे एकत्र. त्यांनी घसा बघितला, कोणती औषधं घेतेस, पोट बिघडतं का, वजन उतरलंय का, घाम येतो का, असं पुष्कळ विचारलं.

"हा त्वचेचा आजार आहे का?" पिटूने विचारलं.

"दिसतंय त्वचेवर. कारण बहुतेक आत कुठेतरी असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधी घशाच्या दुखण्याने येतात अशा गाठी, कधी एखाद्या औषधाने, कधी आतड्याच्या आजाराने. कधी क्षयाने. आत कशाशी तरी झुंज चालू असते आणि त्याची सूज पायांवर उठते. कारण सापडलं की या आपोआप विरतात. तपासू या."

तपासलं. छातीच्या फोटोत फुप्फुसांच्या मुळाशी गाठी सुजलेल्या दिसल्या, हातावर टोचलेल्या सुईची जागा टरारून फुगली, आणि आणखी एका तपासणीनंतर नक्की झालं. क्षय. पहिल्याच पायरीवरचा, तिच्यापासून दुसऱ्या कुणाला लागेल असा नव्हे, आणि औषधाने पूर्ण बरा होणारा. मग डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न विचारला. "तुझ्या जवळच्या माणसांत बरेच महिने कोण खोकतंय?"

 खाटेवर नवरा होता. जबडा तारेने बांधलेला, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "माझा भाऊ."

तोवर मालकाने जामीन भरून घणाला सोडवलं होतं. आरोग्यसेविका घरी आली आणि थुंकी तपासायला घेऊन गेली. निकाल वाईट होता. भिंगाखाली जंतूच जंतू. डॉक्टरीणबाईंनी त्याला खिडकीपाशी बसवलं, तोंडाला फडकं बांधायला लावलं.

"बहिणीला माझ्यामुळे झालं?"

"शपथेवर कुणी सांगू शकणार नाही. पण एका खोलीत झोपत होतात, खिडक्या बंद होत्या. बहुधा तुमच्याकडूनच."

"आणि ते पाय?"

"ते त्याचंच."

घण थेट आवारात गेला. एक जुनी बस तोडायला उभी होती. त्याने लोखंडी घण उचलला आणि बसच्या तोंडावर घातला. काचा उडाल्या, पत्रा आत गेला. जे भाग सुटे करायचे त्यांना तो हात लावत नव्हता. जिथे बसेल तिथे घालत होता. हातांची कातडी निघाली तरी थांबेना. कामगार लांब उभे राहिले. जवळ जायची कुणाची छाती झाली नाही. मग तो खोकला, तोंडातून रक्त आलं, आणि तो घण टाकून चाकाशी बसला. मालकाने तो लोखंडी घण उचलून कार्यालयात ठेवला आणि कुलूप लावलं.

आई त्याच संध्याकाळी जावयाच्या खाटेपाशी गेली. पायथ्याशी बसून त्याचे पाय चेपायला लागली. जावयाने कळवळून पाय आखडून घेतले. नडग्या दुखत होत्या. आई उठून घरी आली. "मीच पाठवलं तुला," ती घणाला म्हणाली. त्याने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते तिला कळलं नाही.

पिटू आवारात आली ती भर कामाच्या वेळी. गोळ्या सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. ताप उतरला होता, पाय अजून ठणकत होते. घण फाटकाजवळ नटबोल्ट निवडत बसला होता. त्याला जड काम बंद होतं. पिटूने इंजिनाच्या ढिगातून पंख्याचा एक जाड रबरी पट्टा उचलला आणि त्याच्या पाठीवर ओढला. सगळ्या आवारात सटकन आवाज झाला. घण उठून उभा राहिला, तिच्याकडे वळला, आणि हात खाली सोडून उभाच राहिला. पिटूने दुसरा मारला, खांद्यावर. तिसरा मानेवर. चौथा तोंडावर बसला आणि गालफडावर रक्ताची रेघ उमटली.

"त्याचा हात! त्याचा हात मोडलास तू!" ती ओरडत होती. "मनगट वळणार नाही म्हणतात. त्याने काय कोरायचं आता, कपाळ? मला विचारलंस? एकदा तरी विचारलंस? मी सांगत होते ना रे!" प्रत्येक वाक्याला एक फटका बसत होता. दोन कामगार पुढे झाले तसा घण त्यांच्यावर खेकसला, "कुणी मधे पडायचं नाही." त्याचा सदरा फाटला, पाठीवर वळ उठले. तिचा हात थकला तरी ती मारत राहिली, आणि फटक्यांतला जोर गेला तेव्हा पट्टा फेकून देऊन एका टायरवर बसली. नडग्या धरून पुढे-मागे झुलायला लागली.

घण तिच्यासमोर, जरा लांब, जमिनीवर बसला. तोंडावर फडकं ओढून घेतलं.

"गोळ्या घेतोस का?" पिटूने विचारलं. अजून धापा टाकत होती.

"घेतो."

"रोज?"

"रोज. समोर उभी राहून गिळायला लावते ती दवाखान्याची बाई."

"चुकवलीस तर याद राख." तिने डोळे पुसले. "आणि माझ्या घराची पायरी चढायची नाही. तक्रार मागे घेणार नाही तो. मी सांगितलं तरी घेणार नाही, आणि मी सांगणारही नाही."

"नको सांगूस."

खटल्यात वकिलाने त्याला समजावलं: गैरसमजातून झालं, आजारी आहे, बहिणीच्या मायेपोटी झालं असं म्हणा, सुटाल. घणाने न्यायाधीशांना सांगितलं, "दार मी आतून लावलं होतं. तो सांगत होता, मी ऐकलं नाही." शिक्षा काही महिन्यांची झाली. तुरुंगाच्या दवाखान्यात त्याला गोळ्या मिळत राहिल्या. तिथे पहिल्याच आठवड्यात झोपायच्या जागेवरून एकाने त्याच्या तोंडावर ताट मारलं. सगळ्यांना वाटलं, आता मुडदा पडतो. घणाची मूठ वळली, वर आली. त्याने ती काखेत दाबून धरली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. त्यानंतर बरेच दिवस लोक त्याला भित्रा समजून छळत राहिले. मार खायची सवय त्याला नव्हती. ती त्याने तिथे करून घेतली.

पिटूच्या गाठी हळूहळू विरल्या. आधी लाल रंग गेला, मग निळा, मग पिवळा, आणि एके दिवशी पाय पूर्वीसारखे झाले, खूण म्हणून राहिली नाही. नवऱ्याचं मनगट मात्र ताठच राहिलं. त्याने आपले पुढचे दात आपणच बनवून घेतले, पण ते कोरले पिटूने. तो शेजारी बसून 'इथे कमी कर, इथे राहू दे' सांगत होता. बिस्किटांचा कारखाना सोडून ती त्याच्याच खोलीत बसायला लागली. पहिले दात जरा वाकडे झाले. "बायकोनेच दात वाकडे केले म्हणून सांगेन," तो म्हणाला आणि तिला हसू फुटलं.

सुटून आल्यावर घणाला मालकाने वजनकाट्यावर बसवलं. छाती पूर्वीची राहिली नव्हती. चार पायऱ्या चढला की दम लागायचा. औषधं संपल्यावर शेवटची तपासणी होती, आणि त्याच सकाळी पिटूलाही फोटोसाठी बोलावलं होतं. हे त्याला ठाऊक नव्हतं. तो दवाखान्याच्या बोळातल्या बाकावर बसला होता तेव्हा समोरून मेहुणा आला. डाव्या हातात पिटूच्या जुन्या फोटोचं पाकीट. पिटू नव्या फोटोसाठी आत गेली होती.

घण उठून उभा राहिला आणि बाक मोकळा करून भिंतीला टेकला. मेहुणा काही क्षण तसाच थांबला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. घणाने जरा हात हलवला तरी त्याची मान मागे जात होती. मग तो बाकाच्या पार टोकाला बसला. बोळातून स्ट्रेचर गेलं, एक बाई रडत्या मुलाला घेऊन गेली. 

"खोकला गेला?" मेहुण्याने विचारलं. बघत होता समोरच्या भिंतीकडे.

"गेला."

"बरं."

दार उघडून पिटू बाहेर आली. दोघांना एका ठिकाणी बघून थबकली, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं, आणि त्याच्या हातातलं पाकीट घेऊन काखेत धरलं. "फोटो स्वच्छ आहे म्हणाल्या," तिने त्याला सांगितलं. मग घणाकडे वळली. "तुझा नंबर पुकारताहेत आत. जा, उभा काय राहिलास? दार ढकलावं लागतं."

घण आत गेला.